मंगळवारी येणारी मुलगी

मागच्या दाराशी धाकटीने चपला काढल्या त्या नीट ठेवल्या नाहीत, भिरकावल्या. एक पायपुसण्यावर पडली, दुसरी भिंतीशी उताणी. मग तिने पिशवीतून रॉकेलची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि मनगटांवरून, नखांच्या कडांवरून फिरवला. छापखान्यात यंत्रं पुसणाऱ्या हातांना येतो तसा वास तिच्या हातांना आला. पावलं जड टाकत ती खोलीत शिरली, खुर्ची न उचलता फरशीवरून ओढली आणि बसायच्या आधी खोकली.

खिडकीशी बसलेल्या आईने मान वळवली. "आली का गं माझी थोरली?"

"आले. मशीन अडलं होतं, म्हणून उशीर झाला."

"अडू दे मेलं. तू बस."

आईला दिसत नव्हतं. साखरेच्या दुखण्याने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. दिसत असतं तर या मंगळवारच्या दुपारी घडल्याच नसत्या. जुळ्या बहिणी त्या. थोरलीच्या हनुवटीखाली तीळ होता, आई तेवढ्यावर ओळखायची. आवाजावरून ओळखायची सोयच नव्हती. आई प्रार्थनागृहात गाऊन निरूपण सांगायची, गोष्ट सांगता सांगता गाण्यात शिरायची, आणि मागे उभ्या राहून या दोघी ओळ उचलायच्या. ऐकणाऱ्यांना वाटायचं, मागे एकच मुलगी आहे. आई कौतुकाने म्हणायची, देवाने दोन गळे केले आणि आवाज एकच उरला होता, तो दोघींना वाटून दिला.

थोरली मेली नव्हती. नदीपलीकडच्या त्याच छापखान्यात, त्याच यंत्रावर काम करत होती. मात्र आता तिथे दाढी राखलेला, खर्जातल्या आवाजाचा माणूस उभा असायचा आणि धाकटी त्याला दादा म्हणायची. पूर्वी ताई म्हणायची. जीभ वळायला थोडे दिवस लागले, मग वळली. दादाने ते एका रात्रीत ठरवलं नव्हतं. समुपदेशकाकडे खेटे घातले, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तो स्वतःशी भांडत होता. आईला सांगायला आला तेव्हा म्हणाला, "आई, लहानपणापासून लोक माझ्याशी बोलतात आणि मला वाटतं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे, त्याच्याशी बोलताहेत."

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माझी मुलगी मेली असेल तर तसं सांग, मी रडून घेते. जिवंत असेल तर तिला आण. तिच्या जागेवर तू कोण येऊन बसलास, हे मला समजावू नकोस."

तो उठला तो पुन्हा आला नाही. आई रडलीही नाही. रडायला माणूस गेलेलं लागतं, आणि हे गेलेलं नव्हतं. दार वाजलं की ती विचारायची, "थोरली का?"

पुढे एकदा आईला ताप चढला. ग्लानीत ती थोरलीला हाका मारत होती, गळा सुकेपर्यंत. धाकटीला ते ऐकवेना. ती वाकून म्हणाली, "मी आलेय आई. थोरली." आईचा चेहरा असा निवला, की धाकटीला वाटलं आपण मोठं पुण्य केलं. शाळेत असताना दोघी एकमेकींच्या हजेरीला उठायच्या. एकीचं पाठ नसलं की दुसरी तिच्या वर्गात जाऊन बसायची. जुळ्यांच्या हाडातच ती सवय. त्यात खोटं काय आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ताप उतरला. आईने विचारलं, "परत कधी येशील?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "मंगळवारी."

"धाकटी घरी नाही ना?" आजही आईने आधी ते विचारून घेतलं.

"नाही. दुकानात आहे."

"बरं झालं. तिच्यासमोर बोलवत नाही." आई पुढे सरकली. "फार करते गं ती माझं. औषध, कपडे, सगळं वेळच्या वेळी. नावं ठेवायला जागा नाही. पण ती खोलीत असली की मला खोली रिकामी वाटते. तू आलीस की भरते. हे पाप आहे, मला कळतं. देवापुढे रोज कबूल करते."

धाकटी रॉकेलचे हात मांडीवर ठेवून बसली होती. "असं बोलू नये," ती म्हणाली, थोरलीच्या फटकळ सुरात. आई हसली. तिला हाच सूर हवा होता.

आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही तो हवा होता. बाकीचे सगळे दिवस आई तिच्या हातून औषध घ्यायची आणि "ठेव तिकडे" म्हणायची. मंगळवारी तीच आई तिचा हात हातात घेऊन बसायची, केसांवरून हात फिरवायची. हनुवटीकडे हात गेला की धाकटी मान फिरवायची. ते प्रेम दुसऱ्याच्या नावावर आलेलं होतं, पण ते पडत होतं तिच्याच अंगावर.

हळूहळू मंगळवार आपल्या जागेवर राहीना.

धाकटी रफूच्या दुकानात कामाला होती. रफूला दोरा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढतात आणि समोरचं भोक विणतात. मान खाली, नजर बारीक, असं ते काम. एके दिवशी दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काय गं, हल्ली खुर्ची ओढतेस. पूर्वी कशी मांजरीसारखी यायचीस."

"ओढली का मी?"

"रोज ओढतेस. आणि खोकलाही दाखवून ये कुणाला."

तिला खोकला नव्हता. घरी जिना चढताना वरच्या मजल्यावरची मावशी भेटली. मावशीच्या डोळ्यांतून मुंगी सुटायची नाही. "परवा तुझ्या बहिणीला पाहिलं हो खिडकीत," ती कुजबुजली. "केस मागे बांधलेले, बसणं तेच, पाय पसरून. हनुवटी नाही दिसली, पण मी काय ओळखणार नाही? म्हटलं, सुटली बाई एकदाची त्या भानगडीतून. मी कुणाला बोलले नाही हं." म्हणजे सगळ्या जिन्याला कळलं होतं.

त्या संध्याकाळी आईच्या पायांना तेल चोळताना तिला आपोआप खोकला आला, तो थोरलीचा. आईचे पाय ताठ झाले. खोलीत कुणी शिरलं की करायची तशी तिने मान वळवली, धाकटीच्या मागे, रिकाम्या दाराकडे.

"आज मंगळवार नाही ना?" आईने विचारलं.

"नाही."

"मग कोण आलंय?"

"कुणी नाही आई. मीच." धाकटीने मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि आपण ते लावलं होतं की नव्हतं, ते तिला आठवेना.

त्याच दिवसांत गावात वाद पेटला. वाचनालयाच्या वर एक खोली होती. ज्या तरुण मुलामुलींना आपलं शरीर परकं वाटतं, त्यांना तिथे समुपदेशक भेटायचे, आईबापांना बसवून समजावायचे, गरज पडली तर डॉक्टरांकडे धाडायचे. सुट्टीच्या दिवशी दादाही तिथे जाऊन बसायचा, येणाऱ्याशी बोलायला. ती खोली चालू ठेवावी की बंद करावी यावर नगरसभा खुली बैठक घेणार होती. चहाच्या टपरीपासून प्रार्थनागृहाच्या पायरीपर्यंत जो तो त्या विषयातला पंडित झाला होता.

दादा रफूच्या दुकानात आला तो कोपराशी फाटलेला कोट घेऊन. "बैठकीत बोलायचंय. जरा माणसात आण याला."

"कोटाला की तुला?"

"माझ्यावरची आशा सोड." तो हसला, मग कोटाच्या बाहीशी चाळा करत राहिला. "आई विचारते का माझं?"

आई दर मंगळवारी तासभर तेच विचारायची. छापखान्यात जेवायला वेळ मिळतो का, पाठ दुखते का, रात्री झोप लागते का. धाकटी म्हणाली, "नाही."

"मी येऊन गेलो तर? मंगळवारी तू दुकानात अर्धा दिवस असतेस ना, म्हणजे घरी असशील."

"मंगळवार नको."

"का?"

"तिला बरं नसतं," धाकटी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. दोरा कितीतरी वेळ जाईना.

बैठकीच्या दिवशी सकाळी दुकानातला रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, वादाला माणसाचा चेहरा असतो, आज आपण एका आईशी बोललो. आणि धाकटीच्या हातातला कपडा खाली पडला, कारण पुढचा आवाज आईचा होता. आदल्या दिवशी ती कामावर असताना रेडिओवाला घरी येऊन गेला होता आणि मावशीने त्याला हौसेने आत घेतलं होतं.

"कोण म्हणतं माझी मुलगी गेली?" आई म्हणत होती, निरूपणाला बसल्यासारखी ठाम. "दर मंगळवारी येते. मागच्या दाराने, लोकांना चुकवून. माझ्यापाशी बसते, माझ्याशी मुलीसारखी बोलते. जगापुढे तिला काय सोंग वठवायचं ते वठवू दे. आईपुढे ते गळून पडतं."

मालकीणबाई रेडिओकडे आणि मग धाकटीकडे पाहत राहिल्या. "अगं, म्हणजे ती परत आली? आणि तू बोलली नाहीस?"

सभागृह खच्चून भरलं होतं. रेडिओचं यंत्र लावलं होतं, सगळं घरोघरी ऐकू जात होतं. खोली बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने निवृत्त डॉक्टरीणबाई बोलायला उठल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, हे जुळंसुद्धा. त्या चढ्या आवाजात बोलत नव्हत्या. "मला कुणाचा अपमान करायचा नाही. या मुलांचं दुःख खरं असतं, मी पाहिलंय. पण कोवळं वय वाट बदलतं. आज जे पक्कं वाटतं ते उद्या वाटेनासं होतं. आपण त्यांना पुढे जायला मदत करतो, मग मागे फिरायची लाज वाटते आणि ती गप्प राहतात." त्या दादाकडे वळल्या, आणि त्यांच्या नजरेत द्वेष नव्हता, माया होती. ते जास्त वाईट होतं. "बाळ, सकाळी तुझ्या आईला ऐकलं. तू मागच्या दाराने जातोस. इथे उभं राहून या पोरांना सांगतोस की पुढे चला, आणि घरी जाऊन मुलगी होऊन बसतोस. मी तुला दोष देत नाही. पण हे तू त्यांना सांगायला नको का?"

सभागृहात कुजबुज उठली. दादा रफू केलेल्या कोटात उभा होता. "ज्या दिवशी आईला सांगितलं, त्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आई खोटं बोलते?" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हातारीला भास होतात, असंच म्हण ना," दुसरा म्हणाला, आणि काही लोक हसले.

वाट सोपी होती. 'हो, भास होतात' म्हटलं की तो सुटला असता. दादाने माइकची दांडी धरली. "माझी आई खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "आणि तिला भास होत नाहीत." एवढंच बोलून तो तिथेच उभा राहिला. पहिल्या रांगेत त्या खोलीत येणारी मुलं बसली होती. त्यातल्या एका मुलीने हळूच आपली पिशवी उचलली, जणू आता निघायचं.

धाकटीला वाटत होतं, कुणीतरी उठावं. थोरली उठली असती. थोरली नेहमी तिच्यासाठी उठायची. मग तिला कळलं की उठणारं दुसरं कुणी नाही, आणि ती माइकपर्यंत गेली.

"मंगळवारी मी जाते," ती म्हणाली.

सभागृहाच्या भिंतींवरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज चारी बाजूंनी आला, आणि दादाचा चेहरा पांढरा पडला. तो त्याचाच आवाज होता, त्याने मोठ्या कष्टाने मागे टाकलेला. आता तो चहूकडून बोलत होता.

"आम्ही जुळ्या. आमचा आवाज एक. आईला दिसत नाही. मी थोरली बनून जाते, तिच्यासारखी खोकते, हाताला रॉकेल लावते. दादाला यातलं काही माहीत नाही. तुम्ही जिला पुरावा म्हणताय, ती मुलगी नाहीच. ती मी केलेली आहे."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. काही क्षणांनी पुन्हा उठून म्हणाल्या, "माझा मुद्दा माझ्यापाशी आहे. पण याला मी जे बोलले ते मागे घेते." ते त्यांनी माइकवर म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वाद पुढे चालू राहिला, खोलीचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. धाकटीने त्यातलं काही ऐकलं नाही. घरी रेडिओशी बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर दादाने तिला गाठलं.

"मी जिवंत असताना माझं भूत आणून बसवलंस घरात," तो म्हणाला.

"ती हाका मारत होती रे. रडेल असं वाटलं."

"मग रडू द्यायचं होतं. रडून झाल्यावर तिने मला बोलावलं असतं. कदाचित." त्याने तोंड फिरवलं. "तिला कशाला माझी गरज पडेल? तिच्यापाशी होती की एक."

धाकटी घरी गेली, पुढच्या दाराने. चपला कडेला ठेवल्या, हात साबणाने दोनदा धुतले. आई तिच्या जागेवर होती. रेडिओ बंद होता.

"आई."

"कोणती तू?"

"धाकटी."

"असं तर तीही म्हणेल," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. अंधाऱ्या जिन्यात पायरी चाचपडणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

धाकटीने रात्रीची गोळी तिच्या तळहाताला लावली. आईने मूठ उघडली नाही. "कुणाच्या हातून घेऊ?" ती म्हणाली. "जी होती ती नव्हती. मग जी आहे, ती तरी आहे का? इतकी वर्षं दिवसाउजेडी माझ्या घरात कोण वावरत होतं, मला सांगशील?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईच्या पायांवर सूज आली. धाकटी बोलली की आई विचारायची, "कोणती?" आणि धाकटीला स्वतःचं नाव सांगताना असं वाटायचं, की आपण कुणाची तरी नक्कल करतोय. रडून पाहिलं, गयावया केली. आई शांतपणे म्हणाली, "रडतेससुद्धा तिच्यासारखी."

तिने मावशीला बोलावलं, मावशी घसा खाकरून म्हणाली, "अहो, धाकटीच आहे ही." आई म्हणाली, "तुम्ही तर खिडकीत थोरलीला पाहिलं होतं." मावशी पदर सावरत उठून गेली.

मग आई स्वतःहून म्हणाली, "त्याला बोलाव. रेडिओवर बोलला तो."

दादा कामाच्याच कपड्यांत आला. हातांना शाईचा, रॉकेलचा वास होता, खरा. उंबऱ्यात थांबला, आत येऊ की नको या विचारात.

"आलास का?" आई म्हणाली. "बोल काहीतरी."

"काय बोलू, आई?"

आईने कान त्या आवाजाला लावला. निरूपण ऐकणारा माणूस लावतो तसा, डोळे मिटून, जरी मिटले काय न मिटले काय सारखंच होतं. "हा आवाज माझ्या ओळखीचा नाही," ती म्हणाली. "मी तो वाढवला नाही, शिकवला नाही. पण हा दुसऱ्या कुणाला काढता यायचा नाही. त्या दिवशी एवढ्या लोकांत तू मला खोटी पाडली नाहीस, तोच हा आवाज." ती थांबली. "म्हणून तुला विचारते. या खोलीत कोण आहे?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. भिंतीला टेकून उभी होती ती, तीन दिवसांची न झोपलेली. त्याला अजून तिचा राग होता, तो डोळ्यांत दिसत होता.

"धाकटी आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. माझ्यासमोर उभी आहे. गोळी हातात धरून."

"आणि थोरली?"

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. "थोरली नाही, आई," तो म्हणाला. "इथे नाही. कुठेच नाही."

आईने तळहात उघडला. धाकटीने गोळी ठेवली, पाणी दिलं. आईने ते घेतलं आणि म्हणाली, "आता तुम्ही दोघं बाहेर जा. मला तिच्यासाठी रडायचंय."

ते बाहेर आले, जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आई रडू लागली, मेलेल्या माणसासाठी रडतात तशी, एकेक आठवण नाव घेऊन. लहानपणचा गोवर. मागून उचललेली ओळ. हनुवटीखालचा तीळ. रडता रडता तिचा सूर लागायचा, तुटायचा, पुन्हा लागायचा. दादा हनुवटीवरची दाढी मुठीत धरून ते ऐकत होता. आपल्यासाठीचं रडणं उभ्याने ऐकायची वेळ देव सहसा कुणावर आणत नाही.

"जाऊ का आत?" धाकटीने विचारलं.

"नको. होऊ दे तिचं."

सावल्या जिन्यावर लांब झाल्या. आतला आवाज हळूहळू विरला. मग आईने विचारलं, "बाहेर कोण आहे?"

धाकटीने ओठ उघडले आणि आवाज गळ्यातच धरला. तिने दादाकडे पाहिलं.

"आम्ही आहोत, आई," दादा म्हणाला. "दोघंच."